मागे ओढणारी

ओमानमधल्या रुस्ताक गावात होतो तोवर मला कुणी मठ्ठ म्हटलं नव्हतं. मी मठ्ठ झाले ती मस्कतला आल्यावर, आणि तेही कुठलीच परीक्षा न देता. परीक्षा माझ्या बहिणीने द्यायची की नाही यावर घरात वाद सुरू झाला आणि त्या वादात मी बसल्या जागी मठ्ठ ठरले. आता पन्नाशी जवळ आली आहे. लोक सांगतात, वयाबरोबर राग निवतो. माझा निवलेला नाही. तो निवावा म्हणून मी नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेनाही केलेला नाही.

रुस्ताकला आमचं घर बेकरीच्या मागे होतं. पप्पा एका केटरिंग कंपनीत मुख्य बेकर होते. वसईतून सातवी सोडून ते मुंबईच्या एका भट्टीवर लागले आणि तिथून ओमानला आले. त्यांचा पाव इस्पितळात जायचा, कामगारांच्या कॅम्पवर जायचा, सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, दुकानांत जायचा. पहाटेची अजान आणि पीठ मळायच्या मशीनचा आवाज साधारण एकदमच सुरू होई, आणि माझ्या कानात ते दोन्ही आवाज असे एकमेकांत मिसळले आहेत की आजही कुठे अजान ऐकली की मला खमिराचा वास येतो. आईच्या स्वयंपाकघरात वसईहून बिअरच्या बाटल्यांत ठासून आणलेला मसाला, सुक्या बोंबलांची पुडी आणि एक मोठा कॅसेट प्लेअर. किनाऱ्याकडून येणारा मासळीवाला पिकअपचा भोंगा वाजवायचा, मग आई डोक्यावरून ओढणी घेऊन खाली जायची आणि त्याच्याशी हातवारे, हिंदी आणि चार अरबी शब्दांत घासाघीस करायची. ‘खलास’ हा तिचा आवडता शब्द होता. सुरमईचा भाव ठरला की खलास, आमचं भांडण मिटवायचं असलं की खलास, रोझरी संपली की तिथेही, आमेननंतर, खलास. घरची आमची बोली वसईची. इथे मी सगळ्यांना पुस्तकी मराठीत बोलायला लावते आहे, कारण ती बोली मला आता बोलता येते तेवढी लिहिता येत नाही.

आम्ही दोघी जुळ्या. मी ग्रेसी, आधी जन्मले, म्हणून मोठी. ती नॅटी. दिसायला आम्ही सारख्या नव्हतो. ती बारीक, मी थोराड. पण एका खाटेवर झोपायचो, एका बाकावर बसायचो. नॅटीला आकडे यायचे. म्हणजे ती पाठांतर करायची असं नाही. मला जशी रस्त्यातली ओळखीची माणसं लांबून कळतात तसे तिला आकडे कळायचे. बेकरीत ट्रे लागले की ती नुसतं बघून किती पाव ते सांगायची, आणि सांगून झालं की विसरून माझ्यामागे धावत यायची. यात काही विशेष आहे असं आमच्या घरात कुणालाच वाटत नव्हतं. आई म्हणायची, माझ्या भावालाही असंच होतं, तो आता टेम्पो चालवतो.

विशेष आहे हे शोधून काढलं लीलाम्मा टीचरनी. आमची शाळा म्हणजे भाड्याच्या व्हिलात भरणारे काही वर्ग होते. ती पुढे बंद पडली. टीचर केरळच्या, कडक, केसांना तेल लावून वेणी घट्ट बांधणाऱ्या. मुलांसाठी जीव टाकायच्या हे मी नाकारत नाही. त्यांनी व्हिलाच्या गॅरेजमध्ये एक पंखा लावून नॅटी आणि तीन मोठ्या मुलांचा वेगळा वर्ग सुरू केला. गणिताच्या तासाला नॅटी उठून तिकडे जायची. त्याला सगळे ‘स्पेशल’ म्हणायला लागले. पुढे शाळेत कुणी पाहुणे आले, कुणाचे आईवडील आले, मस्कतहून कुणी साहेब आले, की त्यांना आधी गॅरेज दाखवायचे. नॅटीला उभं करायचे. पाहुणे म्हणायचे, हं, सत्तेचाळीस गुणिले छत्तीस? नॅटी सांगायची. पाहुणे हसायचे, टाळी वाजवायचे आणि लगेच पुढचं विचारायचे.

पाहुणे येणार असले की नॅटीचं पोट दुखायचं. पाण्याच्या टाकीमागे जाऊन ती ओकायची. मी तिचं तोंड धुऊन द्यायची, फ्रॉकला लागलं असेल तर तेही पुसायची, आणि ती आत जायची. हे घरी सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. मला वाटायचं, हुशार मुलांचं असंच असतं, ताप आल्यावर अंग गरम होतं तसं.

सहावी संपता संपता कंपनीने पप्पांना मस्कतला घेतलं. कुरुमला त्यांचं मोठं किचन होतं, तिथल्या बेकरीचा सगळा कारभार पप्पांकडे आला. अल् घुब्राला फ्लॅट मिळाला. निघायच्या आधी लीलाम्मा टीचर चांगली साडी नेसून घरी आल्या. आईने त्यांना आंबवलेल्या पिठाचे फुगे तळून दिले. त्यांनी एकही खाल्ला नाही.

“मिस्टर लोपीस,” त्या पप्पांना हिंदीत म्हणाल्या, “मोठ्या शाळेत पहिल्याच दिवशी सांगा. ही मुलगी साध्या वर्गात बसली तर बुडाली. तिकडे स्पेशल सेक्शन आहे. तुम्ही मागितलं नाही तर कुणी आपणहून देणार नाही.”

“आणि ही?” आईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

टीचरनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला दोन वर्षं शिकवलं होतं. “ग्रेसी चांगली मुलगी आहे,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला ते कौतुक वाटलं होतं.

अल् घुब्राचा फ्लॅट म्हणजे माझ्यासाठी आवाजांची अदलाबदल होती. मशीन गेली, लिफ्ट आली. बकऱ्यांचं ओरडणं गेलं, वरच्या-खालच्या सगळ्या घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या आल्या. आपली माणसं भोवती पुष्कळ, पण आईला कुणाशी बोलावं कळेना, कारण इथल्या बायका एकमेकींशी इंग्रजी मिसळून बोलायच्या आणि त्यांची मुलं तर मराठी ऐकली की आईबापांकडे बघायची. समोरच्या फ्लॅटमध्ये फ्रान्सिस अंकल राहायचे. मुंबईचे, एका मोठ्या ऑफिसात, टाय लावणारे. त्यांची मुलगी आमच्या होणाऱ्या शाळेच्या स्पेशल सेक्शनमध्ये होती. ही खासगी शाळा घरापासून बसने बरीच लांब होती. आता ती राहिलेली नाही, आणि असती तरी मी तिचं नाव लिहिलं नसतं. पहिल्या शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर फ्रान्सिस अंकल आमच्याकडे बसले आणि त्यांनी पप्पांना सगळं समजावलं. आधी चाचणी, मग मुलाखत, मग जागा. तिथली मुलं पुढे कुठे कुठे जातात. साध्या वर्गातली कुठे राहतात. पप्पा हातात कप धरून ऐकत होते, चहा गार झाला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. आज येतं. सातवीतून उठवलेल्या माणसाला कुणीतरी परत वर्गात बोलावत होतं.

आई मात्र म्हणाली, “आत्ताच आलोय. दोघींना एकत्र बसू द्या वर्षभर. जागा नवी, पोरी नव्या. मग बघू.”

“वर्षाने जागा राहत नाही,” फ्रान्सिस अंकल म्हणाले.

रात्री जेवताना पप्पांनी नॅटीला विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलं. “चाचणी द्यायची. तुला काय, सोपी आहे.”

नॅटी ताटात बघत होती. इंदेलाच्या आंबट रश्श्यातला मटणाचा तुकडा तिने एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला. मग म्हणाली, “ग्रेसी नसेल तर मी जाणार नाही.”

मला ते ऐकून काय वाटलं ते लिहायला हवं. मला आनंद झाला. माझी बहीण माझ्याशिवाय जाणार नाही. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने पाय काढून घेतला, पण त्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

त्या एका वाक्यानंतर घरातलं सगळं माझ्याकडे फिरलं. आधी पप्पांनी ठरवलं की मीही चाचणीची तयारी करायची, म्हणजे दोघी जातील. फ्रान्सिस अंकलच्या बायकोकडे, जेसी आंटीकडे, मला रोज संध्याकाळी बसवलं. आंटी गणित समजावून सांगायच्या नाहीत, उत्तर यायची वाट बघायच्या, आणि ते यायला उशीर झाला की आत आवाज द्यायच्या, “वेन्सी, इकडे ये, हिला दाखव.” त्यांची मुलगी वेन्सी, माझ्याच वयाची, यायची, पेन्सिल माझ्या हातातून घ्यायची, लिहायची आणि जायची. एकदा दोन बायका आंटीकडे आल्या होत्या. आंटी त्यांना माझ्यासमोर इंग्रजीत म्हणाल्या की जुळ्यांत असं होतं, सगळी अक्कल एकीलाच मिळते. त्यांना वाटलं असावं, मला इंग्रजी कळत नाही. मला ते नीट कळत होतं, कारण रुस्ताकच्या शाळेत इंग्रजीत मी पहिली यायची. ही गोष्ट आंटींना माहीत नव्हती. ती आमच्या घरातही कुणाच्या ध्यानात नव्हती.

मला जमत नाही म्हटल्यावर दुसरं सुरू झालं. लिफ्टमध्ये फ्रान्सिस अंकल माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू मोठी ना? मग तिला मागे ओढू नकोस, बेटा.” चर्चबाहेर, प्रार्थना गटातल्या एका बाईने मला बाजूला घेतलं. तिचा आवाज फार गोड होता. “देवाने प्रत्येकाला वेगळं दान दिलंय. नॅटीला डोकं दिलं. तुझं दान त्यागाचं असेल.” मी अकरा वर्षांची होते. आजही त्या बाईचा चेहरा आठवला की माझ्या मुठी वळतात. अकरा वर्षांच्या मुलीला त्यागाचं दान. स्वतःच्या पोरीला तिने ते कधी दिलं असतं का?

आणि मी ओढत काय होते? मी काहीच म्हटलं नव्हतं. जा म्हटलं नव्हतं की नको म्हटलं नव्हतं. पण बोलणारी नॅटी आणि दोषी मी, असा तो हिशेब होता आणि त्यात कुणाला काही चुकीचं दिसत नव्हतं. आई एकटी मधूनमधून भांडी जोरात आपटायची. पण तिलाही काय म्हणायचं आहे ते तिला शब्दांत धरता येत नव्हतं, आणि पप्पांचं ऐकून ऐकून तीही डळमळायला लागली होती. एका दुपारी ती माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, “तू बोलून बघ ना तिच्याशी.” मी तिचा हात झटकला आणि तेलकट केसांनीच बाहेर जिन्यावर जाऊन बसले.

मग एक दिवस पप्पा कामावरून लवकर आले आणि म्हणाले, “ग्रेसी, चल.” फक्त मी. असं कधी झालं नव्हतं. आम्ही दोघी म्हणजे एक सामान होतो, कुठेही गेलो तर एकत्र. मी गाडीत पुढे बसले, पप्पांच्या शेजारी. कुरुमला गेलो. त्यांनी मला त्यांचं किचन दाखवलं. पांढरे कपडे घातलेली माणसं त्यांना ‘चीफ’ म्हणत होती. एका फिलिपिनो मुलाने मला गरम क्रोसाँ दिला. मग दुकानात नेऊन पप्पांनी मला निळ्या पट्ट्यांच्या सँडल घेतल्या, नॅटीसाठी घेतल्या नाहीत. आइस्क्रीम घेतलं आणि आम्ही समुद्राकडे तोंड करून गाडीत बसलो. काचा बंद, एसी चालू. मला वाटत होतं की माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला दिवस आहे. रुस्ताकच्या शाळेतल्या गोष्टी मी त्यांना सांगत सुटले होते.

पप्पा म्हणाले, “एक काम करशील माझं?”

“कुठलं?”

“नॅटीला सांग, तुला तिच्याबरोबर बसायचं नाही.”

मी आइस्क्रीम खायची थांबले.

“सांग की तू कंटाळलीस तिला. तुला तुझ्या मैत्रिणी हव्यात. तू असं म्हटलंस तर ती जाईल.”

“पण मी कंटाळले नाही.”

“माहीत आहे मला. म्हणून तर सांगतोय. एवढं एक.”

“ते खोटं आहे, पप्पा.”

पप्पा दर शनिवारी रोझरी चुकू न देणारे. आम्ही साखर चोरून खाल्ली आणि नाही म्हटलं म्हणून त्यांनी एकदा आम्हाला सबंध रोझरी गुडघ्यांवर बसवलं होतं. ते काचेतून बाहेर बघत म्हणाले, “हे खोटं नाही. ही मदत आहे. कबूल करून टाक फादरकडे पाहिजे तर.”

त्यांना ते वाक्य उच्चारताना लाज वाटली होती हे मला दिसलं. लाज वाटली तरी त्यांनी ते उच्चारलं, हेही दिसलं. मला सँडलही दिसल्या, आणि त्या कशासाठी होत्या तेही. पुढे त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना अंघोळ घातली आहे, भरवलं आहे, रात्ररात्र त्यांच्या उशाशी बसले आहे, आणि त्यांच्यावर माझं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. पण त्या गाडीतला माणूस मी माफ केलेला नाही. तो वेगळा ठेवला आहे.

आणि मी ते काम केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर कपडे काढायला गेलो. उन्हाने चादरी पापडासारख्या कडक झाल्या होत्या. मी नॅटीकडे पाठ करून म्हटलं, “मला तुझ्याबरोबर बसायचं नाहीये. मला कंटाळा आलाय तुझा.”

ती चिमटे गोळा करत राहिली. “पप्पांनी सांगितलं ना?”

“नाही.”

“खोटारडी.”

“बरं, त्यांनी सांगितलं. जा ना तू मग. जा त्या स्पेशलमध्ये. माझ्यामुळे कशाला अडून बसलीस? सगळे मला बोलतात.”

“तुझ्यामुळे नाही,” नॅटी म्हणाली.

मी वळले.

“मला जायचंच नाही. तू असलीस तरी नाही.” तिचा आवाज अगदी साधा होता. “पण मला नको असं म्हटलं तर पप्पा विचारतील, का नको. मग मी सांगेन आणि ते म्हणतील, त्यात काय, सवय होईल. तुझं नाव घेतलं की पुढे कुणी विचारत नाही.”

तिने मला पांघरूण केलं होतं. इतके दिवस मी तिच्या प्रेमाचा अभिमान बाळगून सगळ्यांचं ऐकून घेत होते, जेसी आंटीच्या टेबलाशी पेन्सिल हातातून काढून घेऊ देत होते, आणि इकडे ते प्रेम नव्हतंच. म्हणजे होतं, पण ते कारण नव्हतं. मी तिला विचारलं, “आणि मी मठ्ठ ठरले त्याचं काय?”

ती विचार करून म्हणाली, “तुला सहन होतं. तुला जमतं ते. मला नाही जमत.”

मी तिला मारलं. मुठीने, खांद्यावर, मग पाठीत. ती रडली नाही, चिमट्यांची पिशवी छातीशी धरून उभी राहिली. चादर खाली धुळीत पडली. आम्ही ती झटकून, घडी घालून, एक टोक तिने, एक मी, अशी नेहमीसारखी खाली आणली, कारण आईला कळू द्यायचं नव्हतं. “तुला जमतं.” हे वाक्य पुढे मला खूप लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं आहे, नवऱ्याने, सासूने, ऑफिसातल्या साहेबाने. पण पहिल्यांदा ते माझ्याच खाटेवर झोपणाऱ्या मुलीने म्हटलं होतं.

तोवर इकडे पप्पांनी जाऊन अर्ज केला होता. चाचणी झाली. नॅटीने ती नको म्हणत दिली आणि तरी ती पहिली आली, कारण चुकीचं उत्तर लिहिणं तिला जमतच नसे, हात पुढे जायचा नाही. मुलाखतीला आम्हा चौघांना बोलावलं. आईने मला आणि नॅटीला एकाच कापडाचे फ्रॉक घातले. मी जुन्या चपला घातल्या, निळ्या सँडलना हात लावला नाही. पप्पांनी ते पाहिलं.

स्पेशल सेक्शनच्या प्रमुख सूद मॅडम होत्या. टेबलावर काच, काचेखाली बक्षिसं घेणाऱ्या मुलांचे फोटो. त्या पप्पांशी इंग्रजीत बोलत होत्या आणि पप्पा प्रत्येक वाक्याला “येस मॅडम” म्हणत होते, कळलेल्या आणि न कळलेल्याही. मॅडमनी विचारलं, आता अडचण काय आहे? पप्पांनी माझ्याकडे हात केला.

“मॅडम, ट्विन सिस्टर. ये दोनों साथ में ही... ये जाने नहीं देती.”

“ही पण अप्लाय करते आहे का?”

“नो, नो मॅडम.” पप्पा हसले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. “ये साधारण है.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या की मी समजूतदार व्हायला हवं, मधल्या सुट्टीत आम्ही भेटू शकतो. मग त्यांनी नॅटीला जवळ बोलावलं. “कम. लेट अस सी.” आणि त्यांनी एक गुणाकार घातला.

नॅटीने उत्तर दिलं. मॅडम हसल्या आणि दुसरा घातला. मी नॅटीच्या मानेकडे बघत होते. तिच्या मानेवर घाम आला होता, खोलीत एसी असून. तो घाम मला पाण्याच्या टाकीमागून ओळखीचा होता. तिच्यावर मी अजून चिडलेले होते, इतकी की सकाळपासून बोलले नव्हते. तिला वाचवायचं वगैरे माझ्या मनात नव्हतं. मला फक्त माझ्यावरचं ते खोटं उतरवून टाकायचं होतं, त्या काचेच्या टेबलावर, सगळ्यांसमोर.

मी इंग्रजीत म्हटलं, “इट इज नॉट मी. आस्क हर.”

“ग्रेसी,” पप्पा म्हणाले.

“मी काही अडवत नाहीये. नॅटीला विचारा. अजून कुणीच तिला विचारलेलं नाही.” हेही मी इंग्रजीत म्हटलं आणि मॅडमच्या भुवया वर गेल्या, साधारण मुलीला इतपत येतं म्हणून असेल. मग मी आईसाठी तेच मराठीत म्हटलं.

आईने खुर्ची पुढे सरकवली. तिने त्या दिवसभरात तोंड उघडलं नव्हतं. तिने नॅटीला विचारलं, “काय गं? तुला नको आहे?”

नॅटीने मान हलवली.

“का?”

“उत्तर दिलं की ते दुसरं विचारतात,” नॅटी म्हणाली. “मग तिसरं. ते कधी थांबतच नाहीत. माझ्या पोटात दुखतं.”

“ओकारी येते तिला,” मी म्हटलं. “रुस्ताकलाही यायची.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे वळून तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “मॅडम, आपके क्लास में गलत आया तो?”

मॅडमनी समजावलं की अशा मुलांचं सहसा चुकत नाही.

“आया तो?”

मॅडम म्हणाल्या की दर सत्रानंतर फेरतपासणी असते. जी मुलं मागे पडतात ती साध्या वर्गात परत पाठवली जातात. नियम सगळ्यांना सारखा.

“सब को मालूम पडता है?”

“नॅचरली. असेंब्लीत नावं सांगतात.”

आई उठली. पर्स खांद्याला अडकवली. “खलास,” ती म्हणाली, आणि नॅटीचा हात धरून दरवाजाकडे निघाली. पप्पा अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. ते मॅडमना “सॉरी मॅडम, वन मिनिट मॅडम” म्हणत राहिले. मी त्यांच्यासाठी थांबले नाही.

आम्ही गाडीने घरी निघालो. सिग्नलला पप्पांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. नॅटीकडे नाही, आईकडे नाही. “तू तोंड उघडायला नको होतंस,” ते म्हणाले. आणि हे त्यांचं मत कायम राहिलं. नॅटी साध्या वर्गात माझ्या शेजारी बसली, सुखाने शिकली, पुढे वसईला परतल्यावर एका पतपेढीत लागली आणि तिथे ती आजही समाधानाने आहे. पाहुणे आल्यावर तिला कुणी उभं करत नाही. पण निवृत्तीनंतर पप्पा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “धाकटी कुठल्या कुठे गेली असती. मोठीने मागे ओढली.” हे सांगताना नॅटी आत असायची. तिला ऐकू जायचं. एकदाही ती बाहेर येऊन म्हणाली नाही, की पप्पा, तसं नव्हतं. मी तिला याबद्दल एकदा फोनवर विचारलं. ती म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाला आता कशाला दुखवायचं?” मला दुखवलेलं चालत होतं. मला जमतं.

पण मला लिहायचं होतं ते त्या पहिल्या सत्राचं. दोघी एका वर्गात, एका बाकावर. निकाल लागला त्या दिवशी आम्ही बसमधून उतरून जिन्याने धावत वर आलो, लिफ्टची वाट न बघता. वर्गात माझा चौथा नंबर आला होता. एवढ्या मोठ्या शाळेत, इतक्या मुलांत, जेसी आंटीच्या टेबलाशी बसलेल्या माझा. नॅटीचा पहिला, ते काही नवीन नव्हतं. पप्पा सुट्टीवर होते, टेबलाशी उभे राहून सकाळचा पाव कापत होते. मी दप्तर न काढताच त्यांच्यासमोर उभी राहिले.

“पप्पा, चौथा नंबर आला.”

सुरी थांबली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते माझ्या डोक्यावरून दारात उभ्या नॅटीकडे बघायला लागले.

“चौथा?” ते म्हणाले. “असा कसा चौथा आला हिचा?”

“तिचा पहिला आला,” मी म्हटलं. “चौथा माझा.”

“असं होय,” पप्पा म्हणाले. त्यांनी श्वास सोडला. “घाबरवलंस की.” आणि ते पुन्हा पाव कापायला लागले.